येत नाही त्यानं डावा हात

आमच्या डीएडच्या कॉलेजात थर्माकोलचं एक घड्याळ होतं. निळा मखमली कागद, सोनेरी काटे, वरून जाड प्लास्टिकचं वेष्टण आणि खाली सुरेख अक्षरात पाटी: 'हात लावू नये'. पास होऊन जाणाऱ्या मुली ते नव्या मुलींच्या हवाली करून जायच्या आणि परीक्षेच्या दिवसांत ते या शाळेतून त्या शाळेत फिरायचं. काटे वेष्टणाच्या आत अडकलेले, त्यामुळे ते हलत नसत. त्या घड्याळात कायम दहा वाजून दहा मिनिटं झालेली असायची आणि त्याच्यावर आमच्या भागातली कितीतरी पोरं वेळ सांगायला शिकली असं मुलींच्या रेकॉर्डमध्ये लिहिलेलं आहे. एका सीनियरनं मोठ्या मायेनं ते माझ्यापुढे धरलं तेव्हा मी म्हटलं, "नको गं, मला चालतं घड्याळ लागेल." तिचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून कॉलेजात माझं नाव 'शहाणी' पडलं.

पडू दे म्हटलं. शहाणं व्हायचं माझं वयही होतं. बाकीच्या मुली एकोणीस-वीसच्या, मी सत्तावीसची, लग्न झालेली. बापानं दुसऱ्याच्या शेतात राबून पुढं एका ऑफिसात कारकुनी मिळवलेली, त्यामुळे शिकण्याचं आमच्या घरात कुणाला नवल नव्हतं. पण सासर वेगळं. सासूबाई वाईट नाहीत, फक्त बोलायला सरळ आहेत. ॲडमिशनच्या दिवशी त्या म्हणाल्या, "दोन वर्सं देल्ली तुले. तिसरं मांगू नको." नवरा तेव्हा मोबाइलमध्ये बघत होता, आणि त्यानं मान वर केली नाही, यातच सगळं आलं.

दुसऱ्या वर्षी आम्हाला शाळांवर पाठवतात. महिनाभर तिथं शिकवायचं आणि शेवटच्या दिवशी परीक्षेचा पाठ द्यायचा. बाहेरून परीक्षक येतो, मागच्या बाकावर बसतो आणि एक तास बघतो. सगळे त्याला फायनल लेसन म्हणतात. त्यात नापास झालं की पुढच्या बॅचबरोबर पुन्हा यायचं, म्हणजे तिसरं वर्ष. तिसरं वर्ष माझ्याकडे नव्हतं. तो एक तास हातचा गेला असता तर माझं शिक्षिका होणंच गेलं असतं. हे मला माहीत होतं, कॉलेजला माहीत होतं आणि शाळेतल्या सरांनाही माहीत होतं, कारण पहिल्याच आठवड्यात मीच त्यांना सांगून बसले होते.

शाळा तेलंगणातल्या आदिलाबादहून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. मराठी माध्यम, पाचवीपर्यंत, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. सकाळी कंडक्टरला आधार कार्ड दाखवून झिरो तिकीट, म्हणजे बायकांचं फुकट तिकीट, घ्यायचं आणि बसायला मिळालं तर मांडीवर पाठ टाचण उघडायचं. चौथी आणि पाचवी एकाच खोलीत, मिळून सोळा पोरं. त्यांना शिकवणारे सरच हेडमास्तर. पन्नाशीचे, पोटानं थोडे पुढे आलेले, पोरांवर हात न उचलणारे. पोरं त्यांच्या खांद्यावर चढायची बाकी होती. पण बिचाऱ्यांचा अर्धा दिवस फोनमध्ये जायचा. हजेरीचा फोटो, जेवणाचा फोटो, संडास धुतल्याचा फोटो. व्हरांड्यात जिथं रेंज येते तिथं एका पायावर उभं राहून ते "अपलोड चेसिन सार, चेसिन" म्हणजे केलं सर, केलं, असं तेलुगूत कुणालातरी सांगत असायचे आणि आत पोरं पाढे म्हणत असायची.

सरांच्या खोलीत एक मोठा टीव्ही होता. कुणीतरी शाळेला दिलेला. त्याच्यावर चादर, चादरीवर हार सुकलेला. साहेब आले की चादर निघायची, गेले की परत चढायची. मी तो मागितला. सर म्हणाले, "बिघडला तं?" मी म्हटलं, "चादरीखाली काय चांगला राहून राहिला का सर?" ते हसले आणि त्यांनी किल्ली दिली.

टीव्हीवर लावायला आमच्या पोरांच्या भाषेतलं काही सापडत नव्हतं. होतं ते तेलुगूत नाहीतर इंग्रजीत, गुळगुळीत चेहऱ्याच्या कार्टूनचं. मग मी काहीच लावायचं नाही असं ठरवलं. दोन विटांवर लाकडी पट्टी ठेवली, पट्टीला रबरानं माझा फोन बांधला, कॅमेरा खाली तोंड करून, आणि वायरनं टीव्हीला जोडला. फोनखाली जे धराल ते टीव्हीवर हातभर मोठं दिसायचं. पहिल्या दिवशी एका पोरानं सरकी धरली. आमच्याकडे सरकी म्हणजे पायाखाली येणारी चीज, घराघरात कापूस. पण ती दाताखाली फोडून आतला पिवळा गर टीव्हीवर एवढाला दिसला तेव्हा सगळा वर्ग टीव्हीपाशी सरकला. मग मुंगी आली, नख आलं, पाटीवरची चीर आली, एकीनं आपली पडलेली दाढ रुमालात बांधून आणली. ज्यानं वस्तू आणली त्यानंच ती धरायची आणि त्यानंच सांगायचं, एवढा एकच नियम मी केला. फोनची मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. हप्ता फिटायचा होता. पण 'हात लावू नये' हे वाक्य मी त्या खोलीत कधीच बोलणार नाही असं मनाशी धरलं होतं.

फायनल लेसनला मी चौथीचं माप घेतलं. लिटर आणि मिलिलिटर. तेलाची एक उंच बारीक बाटली आणि एक बसकी रुंद प्लास्टिकची बरणी, दोन्हींत बरोबर एक-एक लिटर पाणी मावतं. पोरं हमखास उंच बाटलीत जास्त म्हणतात. मग दोनशे मिलिलिटरच्या कपानं मोजायचं, पाण्याची पातळी फोननं टीव्हीवर दाखवायची आणि दोन्ही सारख्या आहेत हे त्यांनीच शोधायचं. पाठ टाचण मी तीनदा लिहिलं. बाटली, बरणी, कप आणि टाचणाची एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवली.

दहा दिवस राहिले तेव्हा सरांनी मला व्हरांड्यात बोलावलं.

"तालीम कधी घेतं?"

"कशाची सर?"

"पाठाची. पोराइले एकदा सगळं सांगून दे. काय इचारशीन, काय उत्तर द्याचं. अन् हात कसा कराचा ते मी सांगतो. येते त्यानं उजवा, येत नाई त्यानं डावा. सगळे हात वर पायजे. परीक्षक खूश. तू उजव्याले उठव, बस."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. आमच्या इकडं हे सगळ्या शाळांना माहीत आहे. साहेब येणार म्हटलं की डावे-उजवे हात ठरतात. ते बघून साहेब समाधानानं निघून जातात, आणि बऱ्याचदा तेही अशाच एखाद्या वर्गात वाढलेले असतात.

मीही. पहिलीपासून पाचवीपर्यंत साहेब आले की माझा डावा हात वर. मला भागाकार येत नव्हता. का येत नव्हता हे कुणी विचारलंच नाही, कारण हात तर वर होता. साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलवलेली मला आठवते. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता, याची मला आजही लाज वाटते. भागाकार मला सातवीत माझ्या मामेबहिणीनं चिंचोके मांडून शिकवला. तोवर मी दोन वर्षं वर्गात खाली मान घालून बसत होते.

हे मी सरांना सांगितलं, आणि आवाज चढला माझा. "मी डाव्या हाताची पोरगी आहे सर. मी हे नाही करणार. नापास झाले तरी चालेल."

"चालन का तुले?" सर शांतपणे म्हणाले.

चालणार नव्हतंच. पण सरांनी विषय सोडला आणि मला वाटलं, संपलं.

पाठाच्या आदल्या दिवशी रेकॉर्डवर सही घ्यायला मला कॉलेजात जावं लागलं. शाळेत मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी लवकर पोचले. कपाट उघडलं तर बसक्या बरणीला तळापासून वरपर्यंत चीर. मला वाटलं उंदरानं पाडली असेल. परीक्षक यायला अर्धाच तास होता. मी स्वयंपाकाच्या शेडमध्ये धावले. शाळेत भात शिजवणाऱ्या मावशींनी लोणच्याची काचेची बरणी रिकामी करून, राखेनं घासून माझ्या हातात दिली. "वास येईन जराक," त्या म्हणाल्या. चांगली रुंद, जाड बुडाची बरणी. तिच्यात किती पाणी मावतं ते मोजायला वेळ नव्हता. फोन बांधायचा होता, वायर जोडायची होती, साडीला पिन लावायची होती. मग माझ्या मनात आलं, नाही माहीत तर नाही माहीत. पोरांबरोबर मलाही कळेल. टाचणात लिहिलंय 'दोन्ही सारख्या', ते खोटं ठरलं तर ठरलं. असं मनात आलं आणि खरं सांगते, महिन्याभरात पहिल्यांदा मला पाठाची मजा वाटली.

परीक्षक वेळेवर आले. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर गुणपत्रक. सर दाराजवळ उभे राहिले. मी बाटली आणि बरणी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "कोणत्या भांड्यात जास्त पाणी मावेल?"

सोळाच्या सोळा हात वर.

मी भोळी. मला आनंद झाला. मी पहिल्या ओळीतल्या एका चलाख पोराला उठवलं. तो ताठ उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "दोनी भांड्यात सारकंच पानी मावते टीचर. दोनीत एक एक लिटर मावते. उंच भांडं पाहून आपन फसतो."

'उंच भांडं पाहून आपण फसतो' हे माझ्या टाचणातलं शेवटचं वाक्य होतं. निष्कर्ष या रकान्यातलं.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"काल सांगतलं नं," तो म्हणाला.

मग मी हातांकडे नीट बघितलं. नऊ उजवे, सात डावे. दाराकडे बघितलं. सर खाली बघत होते. कालच्या तालमीत बरणीला चीर कशी गेली तेही मला त्याच क्षणी समजलं. मला सरांचा राग आला, आणि त्यांनी हे माझ्यासाठी केलं म्हणून आणखी राग आला. माझ्याच पाठासाठी, माझ्याच टाचणावरून, सात पोरांना डावा हात वर करायला बसवलं होतं.

पुढचं सोपं होतं. दुसऱ्या उजव्या हाताला उठवायचं, तिसऱ्या उजव्या हाताला उठवायचं, पाणी स्वतः ओतायचं, बरणी भरण्याआधी थांबायचं आणि फळ्यावर 'दोन्ही सारख्या' लिहायचं. परीक्षकांना त्या लोणच्याच्या बरणीचं काय ठाऊक? तासाभरात सगळं उरकलं असतं.

खिडकीजवळ पाचवीतली एक मुलगी बसायची. कापूस वेचायला आईबरोबर जायची म्हणून अधूनमधून गैरहजर. महिनाभरात तिनं माझ्याशी दहा वाक्यंही बोललेली नव्हती. तिचा डावा हात वर होता, अगदी सरळ, सगळ्यांत उंच. मी तिला उठवलं.

ती उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि गोंधळून म्हणाली, "टीचर, माहा डावा हाय."

"हो. सांग ना."

"अहो डावा हाय नं! मले नाई येत. डाव्याले नाई इचारत."

मागच्या बाकावर पेन थांबलं. परीक्षकांनी आधी तिच्याकडे, मग सगळ्या हातांकडे, मग सरांकडे बघितलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही. शेडमधल्या भाताच्या पातेल्याचं झाकण वाजलेलं वर्गात ऐकू आलं.

मी काय बोलावं ते ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आलं ते असं: "साहेब, पाठ माझा आहे, म्हणून ही चूकही माझी धरा. पोरांची नाही. आता मी डाव्या हातांपासून सुरू करते." आणि पोरांकडे वळून म्हटलं, "हात खाली. ज्यांचा डावा होता ते टेबलापाशी या. कप घ्या. मोजा."

कुणी हललं नाही. वर्षानुवर्षं डाव्या हातांना टेबलाजवळ बोलावलेलं नव्हतं. मग खिडकीजवळची ती मुलगी आली आणि तिच्यामागं बाकीची सहा.

पुढचा अर्धा तास नुसता कल्लोळ. उंच बाटलीत पाच कप गेले. बरोबर एक लिटर. लोणच्याच्या बरणीत तीन गेले, चौथा ओतताना पाणी तोंडाशी आलं आणि बाहेर सांडलं. टेबलावरून ओघळ खाली गेला आणि परीक्षकांच्या बुटापर्यंत पोचला. त्यांनी पाय उचलून घेतले. पहिल्या ओळीतला तो चलाख पोरगा चिडून म्हणाला, "चुकीचं ओतून राह्यली ते! पाच जाले पायजे!" मी म्हटलं, "तू ये आणि ओत." त्यानं ओतलं. त्याचंही चौथ्या कपाला सांडलं. तो बरणी उलटीसुलटी करून बघत राहिला. "बूड जाड हाय," असं शेवटी पुटपुटला, आणि ते त्याला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

टीव्हीवर बरणीची पातळी दिसत होती. मुलगी एकदा टीव्हीकडे बघे, एकदा बरणीकडे. मग म्हणाली, "टीचर, टीव्हीत वर दिसून राह्यलं, इथं खाली हाय." बरणी मावावी म्हणून पट्टी मी तिरपी ठेवली होती, फोन वरून तिरपा बघत होता, म्हणून. मी सांगणार होते, पण तिनं आधीच फोनला हात घातला.

"मुलांना मोबाइल हाताळू देऊ नका," मागून परीक्षक म्हणाले. पहिल्यांदाच बोलले ते.

"हाताळू द्या साहेब," मी म्हटलं.

तिनं पट्टी विटांवरून काढली, फोन आडवा करून पाण्याच्या समोर धरला, डोळा बारीक केला आणि थोडा खाली नेला. टीव्हीवर पाण्याची रेघ सरळ दिसली. "आता सारकं," ती म्हणाली. तिच्या बाहीतून पाणी गळत होतं.

घंटा झाली. माझ्या टाचणातलं मूल्यमापन राहिलं, गृहपाठ राहिला, समारोपाचं वाक्य तर खोटंच ठरलेलं. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. पण मी वर्ग सोडला नाही. मी विचारलं, "हजार मिलिलिटर म्हणजे एक लिटर, आणि आपल्या कपात दोनशे, म्हणून पाच कप. हे कुणाला अजून समजलं नाही?"

कुणाचाही हात वर आला नाही. मी थांबले. परीक्षक उभे राहिले होते. मी तरी थांबले. मग एक हात आला, मग दुसरा. चार हात. त्यांतला एक पहिल्या ओळीतल्या चलाख पोराचा होता.

सरांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. परीक्षकांनी गुणपत्रक टेबलावर पसरलं.

"साहित्य उत्तम," ते म्हणाले. "तंत्रज्ञानाचा वापर उत्तम. पण वर्गनियंत्रण नाही. पाठ अपूर्ण. टाचणातला निष्कर्ष आणि वर्गातला निष्कर्ष वेगळा. आणि शेवटी तुम्ही काय केलंत, तर ज्यांना समजलं नाही त्यांना माझ्यासमोर उभं केलंत. मी यावर काय लिहू?"

मी पदराला ओले हात पुसले.

"मंगळवारी मी आदिलाबादला एका शाळेवर आहे," ते आवाज खाली आणून म्हणाले. "तिथं या. हाच पाठ नीट बसवून द्या. हा कागद मी फाडून टाकतो. तुमची अडचण सरांनी सांगितली मला."

म्हणजे सरांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. सर माझ्याकडे वळले. "घे पोरी. काऊन हट्ट करून राह्यली? तुले का वाटते, मले हे आवडते? हात खाली दिसले तं म्हणतीन पोराइले काई येत नाई, करा शाळा बंद, पाठवा तेलुगू मीडियमले. इथं मराठी टिकवाची हाय तं हात वर पायजे. मी शाळेसाठी करतो, तुह्यासाठी केलं." त्यांचे डोळे भरले होते. ते खोटं बोलत नव्हते. आमच्याकडच्या मराठी शाळा कशा एकेक करून मिटतात ते मीही बघितलं आहे.

मला रडू येत होतं, पण त्या खोलीत रडायचं नाही एवढं मी ठरवलं. सासूबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला. नवऱ्याची खाली झुकलेली मानही आली.

"नीट बसवून म्हणजे काय साहेब?" मी विचारलं.

"तुम्हाला समजलंय," ते म्हणाले.

"समजलंय म्हणून विचारते. सात पोरं परत डावा हात करतील. त्या शाळेतली असतील, पण सात असतीलच. मी मंगळवारी येणार नाही. हाच पाठ धरा."

"नापास झालात तर?"

"तर तसं लिहा. पण खरं झालं त्याच्यावर लिहा."

सर पुटपुटले, "डोक्यात जाते ही पोरगी." परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी गुण लिहिले. हातानं झाकून, मला दिसू न देता.

निकाल काय लागला ते इथंच सांगून टाकते. पास झाले. फायनल लेसनचे सगळ्या बॅचमध्ये सर्वांत कमी गुण माझे. थर्माकोलचं ते घड्याळ घेऊन पाठ देणारी मुलगी पहिली आली. सासूबाई म्हणाल्या, "पास तं जाली नं," आणि स्वयंपाकाला लागल्या. पण त्या दिवशी त्या खोलीत यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मी नापास झाले असंच मी धरून चालले होते.

गुणपत्रकाच्या तळाशी एक रकाना असतो, 'छात्राध्यापकाचे म्हणणे'. सगळ्या मुली तिथं 'मान्य' लिहून सही करतात. परीक्षकांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. मी त्यांचंच पेन घेतलं आणि लिहिलं: 'वर्गात सोळा मुलं होती. पाठ सुरू झाला तेव्हा सात जणांना येत नाही असं ठरवलेलं होतं. पाठ संपला तेव्हा चौघांना समजलेलं नाही. त्या चौघांची नावं मला माहीत आहेत. त्यांच्यासाठी मी उद्या शाळेत येणार आहे.' खाली सही केली.

परीक्षकांनी ते वाचलं. सरांनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

"उद्या?" परीक्षक म्हणाले. "तुमची शाळेवरची मुदत तर आज संपली."

"माझी संपली साहेब," मी म्हटलं आणि पेन परत दिलं. "त्या चौघांचा पाठ संपायचाय."